बेसबॉलमधील पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) फलंदाजीची तुलना कोणाशी करावी?

पिचरांची फलंदाजी जोखायला तुम्ही बॉब गिब्सन या पिचरपासून सुरुवात केलीत, हे उत्तम झाले. कारकिर्दीत .२०६ सरासरी, म्हणजे दर हजार ॲट-बॅटमागे (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधींमागे) २०६ हिट्स (यशस्वी फटके), आणि २४ होमरन (एकाच फटक्यावर सर्व बेस फिरून काढलेल्या धावा). हे आकडे सर्व फलंदाजांच्या सरासरीशेजारी ठेवून त्याला कच्चा ठरवणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. आधी इतर पिचरांशी तुलना करा, कारण २०२१ मध्ये त्यांची एकत्रित सरासरी अवघी .११० होती. दुसरे म्हणजे त्या त्या हंगामाचीच सरासरी घ्या: १९३० मध्ये मेजर लीगची (अमेरिकेतील अव्वल बेसबॉल स्पर्धेची) सरासरी .२९६ होती, तर १९६८ मध्ये ती .२३७ पर्यंत घसरली होती. गिब्सनच्या १९७० मधील .३०३ वर मात्र लगेच भाळू नका; ते १०९ ॲट-बॅटमधले ३३ हिट्स आहेत आणि एवढ्या थोड्या संधींत चार-पाच हिट्सनीही चित्र पालटते. मैदानानुसार समायोजित केलेले आकडे सध्या बाजूलाच ठेवा.