हेलिकॉप्टरचा पंखा फिरत असताना जवळ गेलं तर खरंच धोका असतो का? वरचा पंखा तर डोक्यापेक्षा उंच असतो ना?

असतो, आणि वरच्यापेक्षा शेपटीचा जास्त. नाशिकला गांधीनगरच्या लष्करी तळावरून उडणारं चेतक बघा. त्याचा मागचा छोटा पंखा मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो, त्यामुळे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव शेपटीच्या पंख्यानेच घेतला.

वरचा पंखाही इंजिन बंद केल्यावर वेग उतरला की खाली झुकतो, वाऱ्याने आणखी. पायलटने खूण केल्यावरच, त्याला दिसाल असं समोरच्या बाजूने, वाकून जा. उतार असेल तर चढाकडून मुळीच नको. टोपी उडाली? उडू दे. सभेला आलेल्या पुढाऱ्याभोवती हार घेऊन धावणाऱ्यांना हे कोण सांगणार!