आधी बॉडी बरोबर द्या

छंदाचं टेबल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे साध्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवलेल्या जुन्या गाड्यांच्या, जोडायच्या प्लॅस्टिक किटांबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: भोसरी एमआयडीसीत मी इंजेक्शन मोल्ड, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबून ओतायचे पोलादी साचे, डिझाइन करत होतो. १९९८ साली मिशिगनमध्ये आलो, इथेही तेच काम केलं, आणि आता निवृत्त होऊन ट्रॉय गावात राहतो. किट जोडतो त्याहून जास्त वेळ ते कसं ओतलं असेल हे बघण्यात जातो.

तामिया कंपनीच्या सात-आठ जपानी गाड्या जोडून झाल्यावर पहिल्यांदाच एका मसल कारचं १/२५ किट (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाचं) घेतलं. बॉनेट बसत नाही. पुढच्या चाकांचा धातूचा आस चक्क इंजिनातून आरपार जातो. सायलेन्सरचा पाइप चेसिसला चिकटूनच आलाय. माझं काही चुकतंय, की ही किटं अशीच असतात?
— वाचक, नाशिक

तुमचं काही चुकलेलं नाही. इंजिनातून आस गेलेला दिसला की समजायचं, मोल्ड पन्नास वर्षांच्या आसपासचा आहे. खोका नवा असेल, चित्रही नवं असेल, पण आतलं पोलाद जुनंच.

याचं मूळ डेट्रॉइटमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांच्या कंपन्या शोरूमसाठी छोट्या प्लॅस्टिकच्या गाड्या करून घ्यायच्या. त्यांना प्रोमो म्हणत. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला आणि त्याच्या पोराच्या हातात द्यायला त्या असत. मी राहतो त्याच ट्रॉयमध्ये १९४८ साली एएमटी ही कंपनी सुरू झाली, ती याच कामासाठी. डेट्रॉइटमध्ये जो-हान होती, १९६३ मध्ये एमपीसी आली. १९५८ पासून एएमटीने त्याच गाड्या सुट्या भागांत विकायला काढल्या. एका खोक्यातून तीन प्रकार करता येत: शोरूमसारखी, सजवलेली किंवा शर्यतीची. पोरं त्या जमिनीवर पळवणार, म्हणून चाकं फिरायला हवीत. त्यासाठी धातूचा आस आरपार घातला, आणि वाटेत इंजिन आलं तर त्यालाच भोक पाडलं. चेसिसही प्रोमोसारखाच सपाट, पाइपासकट एका तुकड्यात.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. दरवर्षी गाडीचं नवं मॉडेल आलं की नवा मोल्ड कोण करणार? जुनाच मोल्ड दुरुस्त करायचे. १९६८ ची जाळी काढून तिथे १९६९ ची. एकदा पोलाद कापलं की आधीचं साल गेलं. वेल्डिंग करून भरता येतं, पण पूर्वीची रेघ परत मिळत नाही. काही मोल्ड पुढे डर्ट ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी कापले गेले, चाकांच्या कमानीच उडवल्या. एखाद्या नावाजलेल्या गाडीचं चांगलं किट का मिळत नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

तामियाशी तुलना करताना एक लक्षात घ्या. त्यांची जी किटं तुम्ही जोडली, ती पहिल्यापासून जोडायचं मॉडेल म्हणूनच आखलेली होती. अमेरिकन किटांतही तसं काम झालं आहे. १९८० नंतरच्या मोनोग्रामच्या १/२४ गाड्या, १९९० नंतरच्या रेव्हेलच्या १/२५ गाड्या हातात घेऊन बघा. (या दोन कंपन्या १९८६ मध्ये एकत्र आल्या.) अलीकडे मोबियसने केलेला १९६५ चा प्लिमथही बघा. घेण्याआधी खोका उघडायला मिळाला तर चेसिस उलटा करा. आतल्या बाजूला बहुधा साल कोरलेलं असतं. खोक्यावरच्या सालापेक्षा मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

१/२४ आणि १/२५ मध्ये खरंच काही फरक पडतो का? दोन किटांचे भाग एकमेकांना लावता येतील?
— वाचक, डोंबिवली

चार टक्क्यांचा फरक आहे. १/२४ हे फूट-इंचांतून आलं, खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचा अर्धा इंच. १/२५ प्रोमोंमुळे रूढ झालं, आणि मापं घेणाऱ्याला ते फार सोयीचं आहे, कारण खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर. १९६८ च्या डॉज चार्जरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ११७ इंच आहे. ते १/२५ मध्ये ११९ मिलिमीटर येतं आणि १/२४ मध्ये १२४. म्हणजे चेसिस अदलाबदल होणार नाही, पाच मिलिमीटर कुठे लपवणार? कार्ब्युरेटर, बॅटरी, स्टिअरिंग खुशाल लावा. चाकं लावायच्या आधी मोजा.

अमेरिकेतल्या मामांनी १९७० च्या सुमाराचं, अर्धवट जोडलेलं किट दिलं. टायर रिममध्ये वितळल्यासारखे रुतलेत आणि क्रोमचे पोपडे निघालेत. काही वाचेल का?
— वाचक, कोल्हापूर

वाचेल. टायर मऊ व्हिनाइलचे आहेत. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात, ते वर्षानुवर्षं झिरपतं आणि लागून असलेलं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटाचं प्लॅस्टिक, खातं. रिम गेली असेल तर दुसरी घ्या. पुढच्या वेळी टायर वेगळ्या पिशवीत ठेवा.

क्रोम म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. घरातल्या साध्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की तो उतरतो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. खाली लाखेसारखा थर राहिला तर तो वेगळा काढावा लागतो. आणि तुमच्याकडे पाऊस मुक्कामाला असेल तेव्हा लॅकरचा स्प्रे मारू नका, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीपर्यंत थांबा.

आमचे हे गेले तीन आठवडे एका गाडीचं छत करवतीने कापून पुन्हा चिकटवत बसलेत. म्हणे दीड मिलिमीटर खाली आहे. मला तर गाडी आधीही छान दिसत होती. दीड मिलिमीटरने काय होतं हो?
— एक वाचक, सांगली

ताई, दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीचा दीड इंच. तुमच्या घरच्या गाडीचं छत दीड इंच खाली दाबलं तर शेजारीही ओळखतील, काय बदललं ते सांगता आलं नाही तरी.

हे मी स्वतः केलंय, म्हणून यजमानांची बाजू घेतो. काही वर्षांपूर्वी माझ्या फार आवडत्या गाडीचं नवंकोरं किट आलं. कंपनीचं नाव घेत नाही, गाडीचंही नाही, कारण त्यावरून कंपनी कळेल. आत काय नव्हतं! इंजिनाला नव्वदच्या वर भाग, पंख्याचा पट्टा वेगळा, ब्रेकच्या नळ्या वेगळ्या. बॉडी उचलली आणि पोटात गोळा आला. छत बसकं, खिडक्या चिरोट्यासारख्या चपट्या. मी पातळ करवतीने सगळे खांब कापले, दीड मिलिमीटरच्या पट्ट्या घातल्या, फटींत पुट्टी भरून घासलं. मग लक्षात आलं की किटातली काच आता बसणार नाही. ती पारदर्शक शीटमधून नव्याने कापली. तीन रविवार गेले. आणि मनात सारखं येत होतं, नव्वद भागांच्या मोल्डवर पैसा खर्च करणाऱ्यांनी खऱ्या गाडीला एक दिवस टेप लावली असती तर?

बॉडी हा किटातला सगळ्यात अवघड भाग असतो हे मला माहीत आहे. एका तुकड्यात ओतायची तर मोल्डला चारी बाजूंनी स्लायडर, म्हणजे सरकणारे भाग, लागतात. पार्टिंग लाइन (मोल्डचे भाग जुळतात ती रेघ) कुठे घ्यायची, प्लॅस्टिक जाड झालं तर सिंक मार्क (खळगा) कुठे येणार, यावर मीही रात्री जागवल्या आहेत. पण बसकं छत काही मोल्डमुळे येत नाही. ते ड्रॉइंगमध्येच चुकलेलं असतं. फोटोवरून काढलं की असं होतं, कॅमेऱ्याची भिंग जवळचं फुगवते आणि लांबचं दाबते.

मसल कारमध्ये ही चूक जास्तच टोचते. ही गाडी म्हणजे काय, तर मध्यम आकाराच्या साध्या घरगुती गाडीत बसवलेलं भलंमोठं व्ही-८ इंजिन. १९६४ मध्ये पाँटिअ‍ॅकने टेम्पेस्ट ल मान्सला जीटीओ हा पर्याय दिला, त्यात ३८९ घनइंचाचं इंजिन होतं, म्हणजे सुमारे ६.४ लिटर. १९७० च्या शेव्हेलमध्ये ४५४ घनइंच आणि ४५० अश्वशक्तीपर्यंत मजल गेली. मग विम्याचे दर, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांत सगळं आटोपलं. जेमतेम दहा वर्षांचा काळ. तेव्हाच्या पोरांना त्या गाड्या इंजिनाच्या आकड्यांएवढ्याच अंगावरच्या रेषांनी लक्षात राहिल्या. मागच्या चाकावरचा फुगवटा, छतापासून डिकीपर्यंत उतरत जाणारी ती एक रेघ. ती चुकली तर आतल्या नव्वद भागांचं मी काय करू? बॉनेट लावलं की ते झाकलेच जातात.

तुमच्या यजमानांना सांगा, काच आत्ताच मोजून ठेवा.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. किट बनवणाऱ्या कंपनीने तुम्हाला बोलावून विचारलं की कोणती मसल कार करू, तर काय सांगाल? मी १९६८ चा प्लिमथ रोड रनर कॅडमध्ये काढायला घेतलाय.
— विद्यार्थिनी, ठाणे

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. गाडी तू अगदी योग्य निवडलीस.

रोड रनर ही हौशी श्रीमंतांची गाडी नव्हती. आत सलग बाक, साधी लोखंडी चाकं, फारशी सजावट नाही, पण पुढे ३८३ घनइंचाचं ३३५ अश्वशक्तीचं इंजिन आणि चार गिअर. सुरुवातीला ती फक्त खांबाच्या बॉडीत मिळायची, म्हणजे दाराच्या काचेमागे उभा खांब असलेली. बिनखांबाची हार्डटॉप नंतर आली. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले होते. तेव्हा किट करणाऱ्याला गाडीच्या कंपनीचा परवाना पुरत नाही, त्या छोट्या पक्ष्याचाही विचार करावा लागतो.

कंपनीला मी काय सांगेन? एक गाडी करू नका, कुटुंब करा. प्लिमथ आणि डॉज दोन्ही क्रायस्लरचेच, आणि तिच्या त्या काळच्या बी-बॉडीवर, म्हणजे एकाच मध्यम आकाराच्या सांगाड्यावर, रोड रनर, जीटीएक्स, कोरोनेट, सुपर बी, चार्जर एवढ्या गाड्या उभ्या होत्या. प्लिमथचं चाकांतलं अंतर ११६ इंच, डॉजचं ११७. तुझ्या १/२५ मध्ये हा फरक एक मिलिमीटर. म्हणजे चेसिसच्या मोल्डमध्ये त्या जागी इन्सर्ट, म्हणजे सुटा तुकडा, ठेवायचा आणि गाडीप्रमाणे बदलायचा. पुढचं सस्पेन्शन, मागचा आस, गिअरबॉक्स, सगळे रनर (सुटे भाग ज्यांना चिकटून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) सामाईक. पैसा वाचेल तो बॉडीवर लावा.

इंजिनाला मात्र सामाईकच्या मोहात पडू नकोस. ३८३ आणि ४४० लांबून सारखी दिसतात, पण ४४० चा ब्लॉक जवळजवळ पाऊण इंच उंच आहे. मॉडेलवर पाऊण मिलिमीटर. इंजिन उंच झालं की एअर क्लीनर वर जातो आणि नाशिकच्या वाचकांसारखं बॉनेट बसत नाही. ४२६ हेमी तर दिसायलाच वेगळं, त्याला वेगळा रनर हवा.

आणि साधी चाकं द्या. सगळ्यांना चकाकत्या रिम हव्या असतात असं कंपन्यांना वाटतं. मला बॉडीच्याच रंगात रंगवलेलं लोखंडी चाक आणि मधे वाटीएवढं हबकॅप हवं. कारखान्यातून ती गाडी तशीच निघाली होती.

मापं कशी घ्यायची तेही लिहितो, कारण तू फोटोवरून काढते आहेस असं पत्रावरून वाटलं. इथे दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ, १९९५ पासून. रस्त्याच्या कडेला लोक खुर्च्या टाकून बसतात आणि मालक बॉनेट उघडून उभे असतात. तिथे एका १९६८ च्या चार्जरच्या मालकांना मी विचारलं, मापं घेऊ का? ते म्हणाले, रंगाला हात लागता कामा नये. माझ्याजवळ शिंप्याची कापडी टेप होती, आणि भोसरीहून आणलेला पितळी ओळंबा. चाकाच्या मध्यावर ओळंबा धरला, डांबरावर खडूने खूण केली, मागच्या चाकालाही तसंच, आणि खुणांमधलं अंतर मोजलं. ११७ इंच, केसभरही इकडेतिकडे नाही. मालक वाकून बघत होते. मग त्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं.

त्या गाडीची मागची काच बघायला मी मुद्दाम मागे गेलो. फोटोत ती छतालगत सपाट वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे खांब डिकीपर्यंत उतरत जातात आणि काच त्यांच्यामध्ये खोल बसलेली असते, ओसरीतल्या दारासारखी. टेप आडवी धरून ती खोली मोजली तेव्हा कळलं की माझ्या ड्रॉइंगमध्ये ती निम्मीच होती.

तेव्हा तू असं कर. काढलेलं कॅड तसंच राहू दे, पण ज्या रेषांची खात्री नाही त्या लाल करून मला पाठव. काचेचा उतार, दारामागच्या खांबाची रुंदी, डिकीच्या कडेची उंची, जे हवं ते. येत्या ऑगस्टमध्ये खांबाची रोड रनर शोधतो. ओळंबा माझ्याकडे आहेच, काय काय मोजायचं ते तू कळव.