पिल्लं परत घेणारा विक्रेता आणि दीडपट देणारी पॉलिसी

पत्र थोडक्यात असं: वय ३४, घरात एकटेच कमावते, पत्नी आणि ४ वर्षांची मुलगी. लेपर्ड गेकोची (पालीच्या जातीतला ठिपक्यांचा प्राणी) एक जोडी पाळलेली आहे. आता खास रंगाच्या १० माद्या आणि २ नर आणून पैदास करायची आहे. ‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’ असं विक्रेता म्हणतो. खर्चासाठी विमा पॉलिसीवर कर्ज काढणार. विचारलंय एवढंच, की प्लास्टिकच्या खोक्यांचा रॅक घ्यावा की काचेच्या टाक्या? (महिन्याचा पगार १०० धरला आहे, बाकी आकडे त्याच मापात.)

रॅक. जागा कमी लागते, ऊब राखायला सोपा. ठरलेलं तापमान राखणारा थर्मोस्टॅट मात्र चांगला हवा. पण तूर्त दोन्ही घेऊ नका.

तुमचा हिशेब: मादीमागे वर्षाला १६ पिल्लं, एकूण १६०, प्रत्येकी २० ला, म्हणजे ३२००. हे मादी ८ वेळा, दर वेळी दोन अंडी घालेल आणि एकही वाया जाणार नाही असं धरून. पहिल्या हंगामात निम्मी धरा, म्हणजे ८०. ती एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं खोकं. तुमच्या रॅकमध्ये खोकी १४! शिवाय हा प्राणी १५-२० वर्षं जगतो. आज पिल्लू नेलेला ग्राहक लवकर परत येत नाही. भाव ५ वर आला तर हाती ४००, त्यातून किडे, वीज आणि डॉक्टर. क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीची लागण शिरली तर अख्खा रॅक जाऊ शकतो. खात्रीचा इलाज नाही.

खास रंगाचं म्हणाल, तर ‘लेमन फ्रॉस्ट’ आठवा. २०१५ च्या सुमारास हा रंग आला आणि महागडा ठरला. पुढे कळलं की त्याच जनुकामुळे त्वचेत गाठी होतात. २०२१ च्या संशोधनात या रंगाच्या गेकोंत गाठींचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त निघालं. परत घेण्याचं वचन लेखी आहे का, कोणत्या भावाला, किती वर्षं, याबद्दल पत्रात अक्षर नाही. शिवाय कोणती जात पाळता-विकता येते हे कायदा ठरवतो. तेही विक्रेत्यालाच विचारू नका.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. पॉलिसीचा हप्ता महिना २०, मुदत २० वर्षं, शेवटी ७२००. एजंटानं ‘दीडपट’ सांगितलं आणि तुम्ही खूश झालात. भरणार ४८००, मिळणार ७२००, पण पैसा सरासरी दहा वर्षं अडकून. परतावा जेमतेम ४ टक्के. त्याच पैशावर तुम्ही १० टक्क्यांनी कर्ज काढणार! आणि विमा कवच किती? २४००. उद्या तुम्ही नसाल तर दोन वर्षांचा पगार, त्यातूनही कर्ज वजा होऊन. तो पैसा संपेल तेव्हा मुलगी सहा वर्षांची असेल. हिला बचतही म्हणता येत नाही आणि विमाही. विकणाऱ्याचं कमिशन तेवढं चोख.

आपत्कालीन शिल्लक शून्य, हेही तुम्ही एका ओळीत उरकलंत. तुमच्या गेकोच्या शेपटीत अडचणीपुरती चरबी तरी आहे.

क्रम चुकवू नका. आधी साधा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), १२,००० च्या आसपास कवचाचा. प्रकृती ठीक आणि तंबाखू नसेल तर हप्ता आत्ताच्या २० च्या लहानशा भागात बसावा. तो मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. मग ती सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर, ठेवली तर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. एजंट गयावया करेल, करू द्या. वाचलेला हप्ता सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत बँकेत. यात दोन-तीन वर्षं जातील, याची मला कल्पना आहे.

दरम्यान घरची जोडी एकत्र असेल तर आजच वेगळी करा. सतत अंडी घालून मादी खंगते. पुढे पैदास करायचीच असेल, तर या एकाच मादीपासून, तिचं वजन आणि वय पुरेसं असेल तेव्हा, कर्ज न काढता. आणि अंडी उबवायला ठेवण्याआधी पिल्लं घेणाऱ्या दहा जणांची नावं लिहून काढा. त्या यादीत विक्रेता धरायचा नाही.