रात्री कॉम्प्युटर चालू ठेवावा, स्लीपवर टाकावा की बंद करावा?

तुम्ही लिहिलंय की घरून काम करता, सकाळी पंधरा-वीस विंडो परत उघडायचा कंटाळा येतो म्हणून डेस्कटॉप रात्रभर चालूच असतो, आणि आता मित्र म्हणतो स्लीपवर टाक. माझं उत्तर: हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर लिहून मशिन पूर्ण बंद. तुम्ही दिलेल्या तीन पर्यायांत ते नाहीच, म्हणून तर लिहायला बसलो.

2008 चा एप्रिल. आटपाडी तालुक्यात आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छापून द्यायचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक असेंबल केलेला कॉम्प्युटर, 512 एमबी रॅम, विंडोज एक्सपी, सतरा इंची डबा मॉनिटर, जुना लेझर प्रिंटर आणि लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर तग धरणारा 600 व्हीएचा यूपीएस. यूपीएसची बॅटरी तिसऱ्या वर्षात होती, म्हणजे म्हातारीच. ऐन लग्नसराईत आमच्याकडं दिवसाचे आठ-दहा तास लाईट नसायची, त्यामुळं खरं काम रात्री चाले.

त्या दिवशी साडेसातला एक गिऱ्हाईक आलं, पत्रिका घेऊन. आमच्या भागातली लग्नपत्रिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: वधू-वर चार ओळींत उरकतात, बाकी सगळी जनगणना असते. प्रमुख उपस्थिती, आशीर्वाद, निमंत्रक, व्यवस्थापक, खाली किलबिल. ह्या पत्रिकेत 214 नावं होती. आकडा मला अजून पाठ आहे, का ते पुढं कळेलच. गृहस्थ स्टुलावर माझ्या खांद्याला खांदा लावून बसले आणि सांगायला लागले. "बापूंना वर घ्या, आबांच्या आधी. नको, आबा रुसतील. दोघांना एकाच ओळीत घ्या. आता बापू डावीकडं आले, ते बरोबर दिसतंय का?" भावकीतला मान मिलिमीटरनं मोजला जातो हे मला त्या रात्री कळलं. सव्वाअकरा वाजले. शेवटची दोन नावं मुंबईच्या भावाला विचारून सकाळी सांगतो म्हणाले आणि गेले.

मी विचार केला, सकाळी दोनच नावं घालायची आहेत, उगाच सगळं बंद करून परत कशाला उघडा? स्टार्ट, टर्न ऑफ, स्टँड बाय. स्लीपला एक्सपीत स्टँड बाय म्हणायचे. पंखा थांबला, पुढचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. भारी वाटलं मला. अंगणात बाजेवर जाऊन पडलो.

आता अण्णा. आमचे वडील उन्हाळ्यात झोपण्याआधी मेन स्विच खाली ओढायचे. रोज. विहिरीवरची मोटर दोनदा जळाली होती त्यांची, तेव्हापासून विजेवर काडीचा विश्वास नव्हता. उन्हाळ्यात सगळं घर अंगणात झोपायचं, फ्रीज अजून आला नव्हता, त्यामुळं मेन बंद केल्यानं कोणाचं काही अडायचं नाही. त्या रात्री माझं अडलं.

यूपीएस बोंबलायला लागला असणार. कॉम्प्युटर चालू असता तर दहा मिनिटांत खेळ आटोपला असता. झोपलेल्या मशिनला जेमतेम दोन-तीन वॉट लागतात, त्यामुळं बिचाऱ्यानं बराच वेळ तग धरला. आईनं टूं टूं ऐकलं होतं. तिला वाटलं कोणाचा तरी मोबाईल चार्जिंग मागतोय.

सकाळी सहाला बटण दाबलं. पडदा जिथं सोडला तिथून उघडायला हवा होता. त्याऐवजी काळ्या पडद्यावर विंडोजचं चिन्ह आलं आणि खालची निळी पट्टी सरकायला लागली. ती पट्टी बघताना पोटात काय झालं ते सांगत नाही. फाईल उघडली. शेवटचं सेव्ह 7 वाजून 52 मिनिटांचं. नावं 31.

हो, सेव्ह करायला हवं होतं. माहीत आहे. कृपया खाली तेच लिहू नका, सतरा वर्षं ऐकतोय.

मुद्दा असा की स्लीपमध्ये बाकी सगळं बंद होतं, फक्त रॅमला, म्हणजे मशिनच्या तात्पुरत्या मेमरीला वीज चालू राहते, आणि तुमच्या सगळ्या विंडो त्या रॅममध्ये असतात. वीज गेली की संपलं. ओंजळीत पाणी धरून झोपण्यासारखं आहे ते. हायबरनेटमध्ये ती ओंजळ घागरीत ओतली जाते: रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशिन पूर्ण बंद होतं. मग मेन काढा, प्लग उपटा, कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला जा, परत बटण दाबलं की तीच फाईल, कर्सर त्याच नावावर.

गिऱ्हाईक आठला आलं. परत तीन तास बसायला ते तयार नव्हते. कागदावरची यादी आणि आठवण, असं दोघांनी मिळून तासाभरात उरकलं. सातशे प्रती छापून झाल्यावर लक्षात आलं की एका चुलत्यांचं नाव राहिलंय. परत छापल्या, माझ्या खिशातून. पण पहिल्या गठ्ठ्यातली एक प्रत त्या चुलत्यांपर्यंत कशी कोण जाणे पोचलीच. ते लग्नाला आले. अक्षता टाकल्या. जेवले नाहीत.

त्या संध्याकाळी पुण्याहून दादाचा फोन. कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिलेला, तो तिथं आयटीत. म्हणाला, "तुला सांगितलं होतं, कॉम्प्युटर कधी बंदच करायचा नसतो. चालू-बंद करून हार्डडिस्क मरते. आमच्याकडचे सर्व्हर वर्ष वर्ष बंद होत नाहीत." अण्णा बाजूलाच होते, स्पीकरवर ऐकत. म्हणाले, "आरं, माणूस झोपतुया, बैल झोपतुया, ह्या डब्यालाच काय धाड भरलीया?" ह्या दोघांचं भांडण त्या दिवशी सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, आणि मी मधे.

दादाच्या बोलण्यात तथ्य आहे, थोडं. फिरती डिस्क सुरू होताना तिच्या मोटरवर जास्त ताण येतो, सगळे भाग तापतात-गार होतात. पण डिस्क बनवणारेच ती हजारो वेळा सुरू-बंद होईल असं धरून बनवतात. रोज एकदा म्हणजे वर्षाला 365. करा हिशोब. आणि तुमच्या मशिनमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क असेल तर फिरणारं काही नाहीच, विषय संपला. सर्व्हरचं म्हणाल तर त्या खोलीत एसी असतो, जनरेटर असतो, आणि अण्णा नसतात.

शिवाय बिल. तेव्हाचा माझा कॉम्प्युटर रिकामा बसून 60 वॉट खायचा, डबा मॉनिटर 70. पडद्यावर मासे पोहत असले म्हणून वीज वाचत नाही, स्क्रीन सेव्हर हा काचेवर डाग पडू नये म्हणून होता. 130 वॉट गुणिले रात्रीचे 12 तास म्हणजे दीड युनिटच्या वर. महिन्याला सत्तेचाळीस युनिट, कोणी कामाला हातसुद्धा न लावता. घरगुती मीटरवर 100 युनिटांच्या पुढं दर चढतो, म्हणजे हे सत्तेचाळीस वरच्या दरात जाणार. दादाला हे सांगितलं तर म्हणतो, "तुझ्या वेळेची किंमत काय?" पुण्यात राहिलं की माणूस असं बोलायला लागतो.

अण्णांकडं ह्याहून जुना पुरावा होता: पाल. आदल्या पावसाळ्यात दादाच्या सांगण्यावरून महिनाभर मशिन चालू ठेवलं होतं. एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा, त्याच्या मागच्या जाळीतून ऊब बाहेर येते हे पालीला माणसाआधी कळतं. फट्ट असा आवाज, जळका वास आणि दुकान दोन दिवस बंद. ती पाल चिमट्यानं काढून अण्णांनी कागदावर ठेवली होती, दादा गणपतीला येईपर्यंत. आईनं टाकून दिली म्हणून, नाहीतर दाखवलीच असती.

मला उपाय सापडला तो सांगलीत एका रिपेअरिंगवाल्याकडं. एक्सपीच्या त्या चौकोनात स्टँड बायवर बाण नेऊन शिफ्ट दाबलं की शब्द बदलून हायबरनेट यायचं. आधी पॉवर ऑप्शनमध्ये ते चालू करावं लागे, मग झालं. 512 एमबी डिस्कवर लिहायला अर्धा मिनिट लागायचा, अण्णांना तेवढं थांबवायचं. "अण्णा, दिवा विझला का बघा, मग ओढा." आमच्या घरात तंटा असा मिटला. दादाला मान्य नाही, पण तो इथं राहत नाही.

तुमच्यासाठी: आताच्या विंडोजमध्ये हायबरनेट मेनूत दिसत नाही, लपवून ठेवलंय. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन, त्यात पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं ते ठरवायची जागा आहे, तिथं टिक करा. डिस्कवर काही जीबी जागा खातं. आणि "बंद" म्हणजे बंद हेही आता खरं राहिलेलं नाही. 2012 च्या विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलं, शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपलेलाच राहतो. म्हणून मशिन अडखळायला लागलं तर शट डाउन नाही, रीस्टार्ट करा. आठवड्यातून एकदा तरी कराच, हायबरनेट करत असलात तरी.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. विंडोज व्हिस्टापासून डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप नावाचा प्रकार आहे, स्लीप करताना डिस्कवरही प्रत लिहून ठेवतो. तो तुमच्याकडं चालू असेल तर लाईट जाऊनही काही बिघडत नाही आणि तुमचा मित्र बरोबर आहे. पॉवर ऑप्शनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये बघा. दुसरं, लॅपटॉप असता तर बिलाचा माझा हिशोब लागू नव्हता, रिकामा लॅपटॉप दहा वॉटच्या आसपास खातो. तिसरं, कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात मशिन दिवसेंदिवस बंद ठेवू नका, रॅमच्या पट्टीला दमट हवा लागून हिरवट चढतं, रोज तासभर चालू द्या. आणि रात्री लांबून ऑफिसच्या मशिनला जोडून काम चालत असेल तर अर्थातच चालूच ठेवावं लागेल.

गेल्या दिवाळीला दादा आला. लॅपटॉप झाकण मिटवून बॅगेत, बॅग गाडीच्या डिकीत, पुण्यापासून पाच तास. बरेच नवीन लॅपटॉप झाकण मिटल्यावर नीट झोपत नाहीत, मोबाईलसारखे अर्धवट जागे राहतात, मेल बघतात, अपडेट घेतात. बॅगेतून काढला तेव्हा तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा होता. बॅटरी 9 टक्के. अण्णांनी त्यावर पालथा हात ठेवला, दादाकडं बघितलं, आणि काही न बोलता उठून मेनचं खोकं उघडायला गेले. दुपारचे अडीच वाजले होते. आईनं हटकलं तेव्हा म्हणाले, "बघत व्हतो नुसतं."

हां, एक राहिलं. स्लीपच वापरायचं ठरवलंत आणि मशिन रात्री आपोआप जागं होत असेल तर भूतबीत नाही, बहुतेक वेळा माउस असतो. टेबलाला धक्का लागला की उठतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या नावावर जा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये मशिन जागं करायची परवानगी आहे, ती काढून टाका. कीबोर्डची राहू द्या.