विंडोज बदललं की सिम्युलेटर सुधारतो का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. तिला वैमानिक व्हायचं आहे. फ्लाइंग स्कूलच्या प्रवेशाचं होईपर्यंत घरी ती मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या फ्लाइट सिम्युलेटरवर सेसना 172 चा सराव करते. कॉम्प्युटर 2018 मध्ये घेतलेला : इंटेलचा आय-फाइव्ह 8400, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1060 चं सहा जीबीचं कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. मोकळ्या मुलखावर विमान बरं चालतं, पण मुंबईला उतरायला घेतलं की चित्र अडखळतं आणि अगदी धावपट्टीजवळ गचके बसतात. ती बिचारी वैतागते. दुकानदार म्हणतो विंडोज 11 टाका, डबल स्पीड मिळेल. त्याचे चार हजार सांगतोय. टाकून घेऊ का? (एक पालक, कराड)

उत्तर : विंडोज 11 जरूर घ्या, पण त्यासाठी चार हजार देऊ नका आणि डबल स्पीडची आशा मुळीच धरू नका. तुमचं विंडोज 10 परवान्याचं असेल तर 11 वर जाणं फुकट आहे. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतो. विंडोज 10 ची नियमित मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचे व्यवहार करत असाल, लेकीचे प्रवेशअर्ज भरत असाल, तर सुरक्षेसाठी बदल करायलाच हवा. विमानाचे गचके हा मात्र वेगळा आजार आहे, आणि त्याचं औषध बहुधा दुसरंच निघेल.

पडद्यावर दिसणारं एकेक चित्र तयार होताना आधी प्रोसेसर हिशोब करतो : विमान कुठे आहे, वारा कुठून, आजूबाजूला कोणती घरं, कोणती इतर विमानं, काट्यांवर काय दाखवायचं. मग ग्राफिक्स कार्ड ते रंगवतं. या सिम्युलेटरमध्ये हिशोबाचा मोठा भाग प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे हिशोब करणाऱ्या एकाच भागावर पडतो. तुमच्याकडे सहा कोअर आहेत, तरी पाच जण त्या एकाची वाट बघत बसतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी कितीही चपळ असले तरी आत जिलबी तळणारा एकच असेल तर पानं रिकामीच राहणार. विंडोज हा वाढपी आहे. तो गलथान असेल तर नुकसान होतं हे खरं, पण तळणाऱ्याचा हात तो काही वेगाने चालवू शकत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एक काम करा. सिम्युलेटरच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करा. वर एक पट्टी येईल, तिच्यातून एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते दाखवायला सांगा. कोपऱ्यात एक छोटी चौकट येते आणि तिच्यात 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' किंवा 'लिमिटेड बाय जीपीयू' असं लिहून येतं. मुंबईच्या धावपट्टी 27 वर उतरताना तिथे काय लिहिलंय ते लेकीला वाचायला सांगा. मेनथ्रेड असेल तर प्रोसेसर दमलाय, जीपीयू असेल तर कार्ड दमलंय. त्या एका ओळीवरून कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही ते कळतं.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज मेनथ्रेडचा आहे, कारण त्रास शहरावर आल्यावरच होतो. तसं निघालं तर ग्राफिक्सच्या यादीत 'टेरेन लेव्हल ऑफ डीटेल' आणि 'ऑब्जेक्ट्स लेव्हल ऑफ डीटेल' हे दोन आकडे 100 च्या आसपास आणा. विमानतळावरची वाहनं आणि आकाशातली इतर विमानं कमी करा. मुलगी काचेच्या पडद्यांचं सेसना उडवत असेल, म्हणजे जी-1000 असलेलं, तर त्याऐवजी गोल काट्यांचं सेसना घ्या. ते हलकं पडतं, आणि काट्यांवर नजर फिरवायची सवय लागली तर ती तिला पुढे उपयोगीच पडेल. जीपीयू निघालं, तर ढगांची पातळी 'अल्ट्रा'वरून खाली आणा आणि रेंडर स्केलिंग, म्हणजे चित्र किती बारकाईने रंगवायचं तो आकडा, थोडं उतरवा.

गचक्यांबद्दल वेगळं सांगते, कारण एफपीएस कमी असणं आणि गचके बसणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. सेकंदाला 28 चित्रं सलग मिळाली तर विमान छान उतरवता येतं. 45 मिळताहेत आणि मधेच अर्धा सेकंद चित्र थिजतंय, तर नेमकं फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी विमानाचं नाक उचलताना, हात चुकतो. तुमच्याकडे सिम्युलेटर फिरत्या हार्ड डिस्कवर आहे. शहर जवळ आलं की इमारतींची माहिती डिस्कवरून आणि इंटरनेटवरून भराभर यावी लागते, आणि हार्ड डिस्क तिथे मागे पडते. दुकानदाराला द्यायचे ते पैसे एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये घाला आणि सिम्युलेटर व त्याची रोलिंग कॅश (इंटरनेटवरून आलेली माहिती तो साठवतो ती फाइल) तिच्यावर हलवा. मी पैज लावायला तयार आहे की गचक्यांत सगळ्यात मोठा फरक तिथेच दिसेल. रॅम एकाच पट्टीची आहे की आठ-आठच्या दोन, हेही बघा. दोन पट्ट्या जोडीने लावलेल्या असल्या की प्रोसेसरला माहिती जास्त वेगाने मिळते. आणि कॅबिनेटची बाजू उघडून धूळ झटका. सात-आठ वर्षांच्या मशीनमध्ये पंख्याच्या पात्यांवर मी अक्षरशः नमदा बसलेला पाहिलाय. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो.

आता, विंडोज बदलून कधीच फायदा होत नाही असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः तो अनुभवलाय. 2010 च्या सुमारास माझ्याकडे फ्लाइट सिम्युलेटर टेन होता, 2006 चा. विंडोज एक्सपी, 32 बिटांचं. दिल्लीहून निघून दोन तास विमान चालवायचं, मुंबईचे दिवे दिसू लागायचे, चाकं खाली, फ्लॅप खाली, आणि मेमरी संपल्याचा संदेश येऊन सगळं बंद. मशीनमध्ये चार जीबी रॅम होती, तरी! 32 बिटांच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रामला साधारण दोन जीबीच वापरता येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. 64 बिटांचं विंडोज 7 टाकल्यावर त्याच सिम्युलेटरला चार जीबीपर्यंत जागा मिळाली आणि त्या रात्री माझं विमान पहिल्यांदा उतरलं. माझ्या वहीत मी एफपीएसही लिहिले होते : आधी 22, नंतर 22. विंडोजने विमान पाडायचं थांबवलं, वेगवान केलं नाही.

तुमचा प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीचा किंवा पुढचा असता तर मी वेगळं लिहिलं असतं. त्यांच्यात काही कोअर जोरकस आणि काही काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात, आणि कोणतं काम कुणाला द्यायचं हे विंडोज 11 ला विंडोज 10 पेक्षा चांगलं कळतं. तुमचे सहाही कोअर सारखेच, त्यामुळे तो लाभ तुम्हाला नाही. उलटही घडलेलं आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आलं, तेव्हा एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरवर काही गेम आधीपेक्षा मंद चालू लागले. एएमडीने दोष मान्य केला आणि त्याच महिन्यात दुरुस्ती आली. माझ्या रायझनच्या मशीनवर मी विंडोज 11 त्यामुळेच पुढच्या वर्षी टाकलं. तोच उतरण्याचा टप्पा, तेच निरभ्र हवामान, तीच सकाळी नऊची वेळ, तीन तीन फेऱ्या. विंडोज 10 वर सरासरी 38 आली, 11 वर 39. त्याउलट 27 जुलै 2021 ला खुद्द सिम्युलेटरचं पाचवं मोठं अपडेट आलं होतं, तेव्हा त्याच विंडोज 10 वर मी एका संध्याकाळीत 29 वरून थेट 38 वर गेले होते. मशीनमध्ये एक स्क्रूही हलवला नव्हता. सिम्युलेटर अद्ययावत आहे ना, हे म्हणूनच आधी तपासा.

दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. त्याने बघितलेलं असेल की फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं की मशीन पळतं. पण ते पळतं कारण सुरुवातीलाच चालू होणारे वीस प्रोग्राम गेलेले असतात. तेवढं तर तुम्ही आज रात्री टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जाऊन फुकट करू शकता. करा, आणि फेरी पुन्हा मोजा.

विंडोज 11 घेताना : मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, 'पीटीटी' नावाची सोय बंद असेल तर चालू करावी लागते, नाहीतर टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) नाही म्हणून विंडोज अडवतं. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्यावी लागेल. हे नवख्याचं काम नाही, इथे माणूस बोलावून त्याला मजुरी द्या. आधी सगळ्याची नक्कल काढा. बदल झाल्यावर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून पुन्हा टाका आणि पॉवर प्लॅन तपासा. 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं एक सुरक्षेचं बटण असतं. ते बंद केलं तर गेमना थोडा वेग मिळतो, आणि खेळण्यापुरतं बंद ठेवायची मुभा मायक्रोसॉफ्टनेच दिली आहे. पण बँकेच्या कामाच्या मशीनवर मी ते बंद करणार नाही, तुम्हीही करू नका. काही बिनसलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून विंडोज 10 वर परत जाता येतं. तेवढे दिवस जागा कमी पडली म्हणून जुन्या विंडोजचं फोल्डर पुसू नका.

आणि लेकीला माझ्याकडून सांगा, मुंबई सध्या राहू दे. कोल्हापूर किंवा रत्नागिरीला सर्किट मार म्हणावं, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फेरी घेऊन पुन्हा उतर. पहिले महिने तिला तेच करायचं आहे आणि तिथे तुमचं मशीन आजही पुरेल. घरचे तास लॉगबुकात धरत नाहीत, पण चेकलिस्टची सवय अंगात मुरते.

प्रश्न : माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा आहे, विंडोज 11 घेत नाही. मी फक्त एक्स-प्लेन 11 आणि डीव्हीडीवरचा जुना फ्लाइट सिम्युलेटर टेन चालवतो. नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल का? (एक निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव)

उत्तर : नाही, इतक्यात नको. डीव्हीडीवरच्या सिम्युलेटरला उडायला इंटरनेट लागत नाही. तो लॅपटॉप इंटरनेटला जोडू नका आणि पैशांचे व्यवहार दुसऱ्या यंत्रावर करा. तुमचा दुसरा सिम्युलेटर, एक्स-प्लेन, लिनक्सवरही (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली) चालतो, त्याची वेगळी आवृत्ती कंपनीच देते. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, तुमचं कार्ड आणि जॉयस्टिक ओळखली गेली तरच पुढे जा. तुमचा एक्स-प्लेन 11.50 च्या आधीचा असेल तर मात्र आजच अपडेट करा. 2020 च्या त्या आवृत्तीत चित्र रंगवण्याची व्हल्कन ही नवी पद्धत आली, आणि जुन्या मशीनवर तिने जितका श्वास मोकळा केला तितका कुठल्याही विंडोजने केलेला मी पाहिलेला नाही. ग्राफिक्सच्या पानावर व्हल्कनची खूण करायला विसरू नका.