वाटणी रायगडाची आणि आमच्या वाड्याची

सदाशिव पेठ, पुणे

चि. लेखकमित्रास अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोष्टीची पस्तीस पानं दोन रात्रींत वाचून काढली. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी राज्य खरोखरच वाटून दिलं असतं, तर? कल्पना हवेतली नाही. सभासदाच्या बखरीत महाराज पन्हाळ्यावर संभाजीराजांना हेच बोलून दाखवतात: तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंतचं राज्य तुला, इकडचं राजारामाला. (सभासदाने बखर लिहिली ती जिंजीत, म्हणजे आजच्या तमिळनाडूतल्या किल्ल्यात, राजारामांच्याच सांगण्यावरून. तेव्हा तो मजकूर जरा चिमटीत धरून वाच.)

पण दुसऱ्या पानावर वाटणी आणि तिसऱ्यावर लगेच लढाई? इतकी घाई कसली?

आमचा वाडा वाटला गेला तेव्हा मी शाळेत होतो. खोल्या एका दुपारीत वाटून झाल्या. जिना कोणाचा, विहीर कोणाची आणि स्वयंपाकाच्या काकू कोणाकडे राहणार, यात मात्र वर्षं गेली. राज्याचंही तेच. भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन १७३१ च्या वारणेच्या तहाची कलमं काढून बघ, तुझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरच्या संभाजीराजांना (हे राजारामांचे चिरंजीव, गल्लत करू नकोस), उत्तरेचा शाहू महाराजांना, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मला आवडतं ते कलम वेगळंच: एकाकडचा चाकर दुसऱ्याने ठेवू नये. नदी हद्द दाखवते, पण माणसं नदी ओलांडतात ना!

म्हणून विचारतो, तुझ्या गोष्टीत हंबीरराव मोहिते कुठे जातात? सोयराबाईंचे भाऊ, तरी प्रत्यक्षात सख्ख्या भाच्याला, राजारामाला, सोडून संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. रायगडावर राजा दहा वर्षांचा. सेनापती दक्षिणेत गेला तर गडावर उरतं कोण? बापाविरुद्ध, म्हणजे औरंगजेबाविरुद्ध, बंड करून शहाजादा अकबर १६८१ मध्ये आसरा मागायला येतो, तो कोणाच्या दारात?

आणि व्यंकोजीराजे तर कुठेच नाहीत! शहाजीराजांच्या दक्षिणेतल्या जहागिरीत आपला वाटा मागायला महाराज स्वतः १६७७ मध्ये या सावत्र भावाला भेटले होते. व्यंकोजींचं तंजावर जिंजीपासून फार लांब नाही. म्हणजे तुझे संभाजीराजे नव्या राज्यात पाऊल टाकतात ते आधीच्या पिढीच्या अर्धवट वाटणीत. हे हातचं सोडून तू तोफांवर चार पानं घालवलीस.

मी असतो तर लढाई पुढे ढकलली असती. खऱ्या इतिहासात १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडावरून निसटून जिंजीला पोचले, आणि तो किल्ला मोगलांना मिळायला १६९८ उजाडलं. तुझ्या जगात त्याच किल्ल्यात थोरला भाऊ बसलाय, ज्याला रायगड मिळाला नाही. रात्र आहे, धाकटा वेष पालटून दाराशी उभा. आतून विचारणा होते, कोण? तेवढी एक रात्र लिही, बाकीचं नंतर बघू.

लिहून झालं की रविवारी सकाळी घेऊन ये. जिना जपून चढ, चौथी पायरी सैल आहे. ती कोणी दुरुस्त करायची, ते अजून ठरलेलं नाही.

तुझा,
काका