४५ अंशांच्या उन्हात मातीतले जिवाणू मरत कसे नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की मे महिन्यात नागपुरात पारा ४५-४६ वर जातो, माती पार भाजून निघते, तरी पावसाळ्यात तिच्यात पुन्हा जिवाणू कुठून येतात. बरेचसे तिथेच असतात, फक्त बंद पडलेले.

मातीतल्या बॅसिलस या जिवाणूचं अन्न संपत आलं की तो वाढणं सोडून स्वतःच्या पेशीत एक बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली पेशी, घडवतो. प्रयोगशाळेत याला सात-आठ तास लागतात. मग बाहेरची पेशी फुटते आणि बीजाणू उरतो. कवच जाड असतंच, पण खरी करामत गाभ्यात आहे. तिथलं बरंचसं पाणी काढून टाकलेलं असतं, त्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल ठासलेलं, डीएनएला छोटी प्रथिनं चिकटलेली. पाणीच कमी, म्हणून उष्णतेनं आतली प्रथिनं सहजी बिघडत नाहीत. त्याला आपलं ऊन काय करणार?

आम्ही बीएस्सीच्या पोट्ट्यांना हे करूनच बघायला लावतो. फुटाळा तलावाच्या काठची चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, ८० अंशांवर १० मिनिटं ठेवायची आणि अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरायची. साध्या पेशी त्यात मरतात. तरी दुसऱ्या दिवशी प्लेटवर पांढरट, कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती दिसतात. जरा जुनी वसाहत घेऊन मॅलेकाइट ग्रीन हा हिरवा रंग वाफेवर चढवा, वरून सॅफ्रनिन हा लाल रंग द्या. गुलाबी पेशींत हिरवे बीजाणू उठून दिसतात. नुसत्या उकळण्यानंही हे सगळे मरत नाहीत, म्हणून ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, १२१ अंश आणि १५ मिनिटं लागतात.

बीजाणू सगळ्यांना जमत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला नाही जमत. पण तिथेही मोजक्या पेशी वाढ थांबवून बसतात, आणि बरीचशी अँटिबायोटिकं वाढत्या पेशींवरच चालतात. पेनिसिलिनमधून अशा थोड्या पेशी वाचतात, हे जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी दुसऱ्या एका जिवाणूत, स्टॅफिलोकॉकसमध्ये, १९४४ मध्येच दाखवलं होतं. औषध गेलं की त्या पुन्हा वाढतात. त्यांची पिल्लावळ मात्र त्याच औषधाला पहिल्यासारखीच बळी पडते, म्हणजे हा जनुकीय प्रतिकार नव्हे.

बीजाणू जागा व्हायला मात्र वेळ लावत नाही. योग्य अमिनो आम्ल किंवा साखर लागली की काही मिनिटांत पाणी आत घेतो. म्हणून सकाळचा भात उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष फोडणी देऊनही जात नाही. वाफ गेली की भात सरळ फ्रिजमध्ये टाका.